वडिलांची ३१५ रायफल, नळीत काळं कडं दिसतंय. चालवावी का? (मदत हवी आहे)

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. वडील गेल्यावर त्यांची ३१५ बोअरची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल सहा वर्षं जमा होती. वारसाच्या परवान्यासाठी किती हेलपाटे घातले ते विचारू नका. गेल्या महिन्यात एकदाची घरी आली. इशापूरच्या सरकारी कारखान्यातली आहे. शेवटचा बार कधी काढला, आईलाही सांगता येत नाही. (डुकराला हात लावायचा तर वनखात्याची परवानगी लागते, माहीत आहे. तो वाद इथे नको.)

मॅगझिन काढलं, चेंबरमध्ये (काडतूस बसतं ती जागा) बोट घालून रिकामं असल्याची खात्री केली, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बाहेर काढला. नळीच्या तोंडाशी पांढरा कागद धरून मागून बघितलं. आटे (नळीतल्या पिळाच्या खाचा) चांगले दिसतात, पण तोंडापासून वीतभर आत एक काळसर कडं आहे. घासून जात नाही. गजाला तेलाची चिंधी लावून ढकलली तर सगळीकडे घट्ट जाते, नेमकी तिथे सैल पडते, पुढे परत घट्ट.

चुलतभाऊ म्हणतो, आंब्याला बांधू, चापाला सुतळी लावून लांबून ओढू, वाजली की पास. मला धीर होत नाही. सोबत वडिलांची सात काडतुसं आहेत, कळक चढलेली.

प्रतिसाद १
आर्मरर (हत्यारं तपासणारा-दुरुस्त करणारा) म्हणून नोकरी केलीय, म्हणून सांगतो. घाणीने चिंधी अडते, सैल पडत नाही. तिथे नळी फुगलीय. कधीतरी आत काहीतरी अडकलेलं असताना बार निघालाय. नळीवर बाहेरून स्टीलची पट्टी ठेवा, त्या जागी डुलते का बघा. नाही डुलली तरी चालवू नका, आतून फुगलेली नळी बाहेरून कळतेच असं नाही.

भावाला म्हणावं सुतळी ठेव. एक बार सोसला म्हणजे तो एक बार सोसला, दुसऱ्याची हमी नाही.

बोल्टवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळतो का? जमा असताना शेजारी दुसऱ्या बंदुका असतात. जुळला तरी हेडस्पेस गेजने मोजून घ्या, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला किती जागा उरते ते. गो गेजवर (कमीत कमी जागेचं माप) बोल्ट पूर्ण मिटला पाहिजे, नो-गोवर (जास्त जागेचं माप) मिटता कामा नये. हे घरी कागदाच्या घड्या घालून होत नाही. बोल्टच्या लगच्या (बोल्ट अडकवून ठेवणाऱ्या खुंट्यांच्या) मुळाशी बारीक भेगा आहेत का, तेही दुरुस्तीवाला भिंगाखाली बघेल.

प्रतिसाद २
काडतुसं पुसून वापरायचा मोह नको. काडतुसाच्या बुडाची जुनी टोपी कधी कधी उशिरा पेटते. नुसती टक् वाजली तर लगेच बोल्ट उघडायचा नाही, तोंड मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं.

धागाकर्ता
नंबर जुळला. पट्टी मात्र डुलली, अगदी बारीक. आईला विचारलं तर म्हणाली, नळीत कुंभारीण माशी घर करते म्हणून वडील पावसाळ्यात तोंडात चिंधी कोंबून ठेवायचे. एकदा रात्री डुकरं आली म्हणून गडबडीत तशीच उडवली, आणि फुटक्या मडक्यासारखा आवाज आला होता.

सोमवारी परवान्यासकट लायसनवाल्या दुरुस्तीवाल्याकडे नेतोय, काडतुसं घरीच कुलपात. नळी बदलून मिळते का, आणि त्यासाठी आधी कलेक्टर ऑफिसची परवानगी काढावी लागते का? कुणी केलंय?