तालुक्याच्या ठिकाणच्या लहान चमूने स्वतःचा आर्टिफॅक्ट रिपॉझिटरी मॅनेजर चालवावा का?

पऱ्हाटी (धागा सुरू करताना)

हिंगणघाट परिसरातील जिनिंग कारखान्यांसाठी वजनकाट्याच्या नोंदी, कापूसखरेदीच्या पावत्या आणि रुईच्या गाठींचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर आम्ही पाच जण बनवतो. कार्यालय गावातल्या एका घराच्या माडीवर आहे. वीज दिवसातून एकदोनदा जाते आणि रस्त्याचे खोदकाम सुरू झाले की इंटरनेटची केबल तुटते. अशा चमूने स्वतःचा आर्टिफॅक्ट रिपॉझिटरी मॅनेजर, म्हणजे कोडपासून तयार झालेल्या, चालवायच्या प्रोग्रामच्या फाइली (बिल्ड) आणि बाहेरून आणलेली पॅकेजेस आवृत्तीनिशी सांभाळणारा सर्व्हर, चालवलाच पाहिजे असे माझे मत आहे.

हे मत गेल्या हंगामात पक्के झाले. दसऱ्यानंतर खरेदी सुरू झाली तेव्हा दोन कारखान्यांत आमच्या प्रोग्रामची ४.२ ही आवृत्ती चालत होती, निदान दोन्हीकडे पडद्यावर तोच आकडा दिसत होता. तरीही सारख्याच ओलाव्याच्या कापसाला एकीकडे कपात बरोबर लागत होती आणि दुसरीकडे थोडी जास्त. रात्रभर रांगेत थांबून गाडी रिकामी केलेल्या शेतकऱ्याच्या हाती आम्ही चुकीची पावती दिली, हे मला आजही सलते. शोध घेतल्यावर कळले, की दुसऱ्या कारखान्यातली फाइल एका सहकाऱ्याने घाईत आपल्या लॅपटॉपवर बिल्ड करून पेनड्राइव्हवर नेली होती आणि त्या लॅपटॉपवर आकड्यांचे राउंडिंग करणाऱ्या लायब्ररीची जुनी आवृत्ती होती. फाइलीचे नाव तेच होते. फरक होता तो आकारातल्या काही किलोबाइटचा. बियाणे उगवले नाही तर तक्रारीसाठी पिशवी, लेबल आणि पक्के बिल लागते, कारण लॉट क्रमांकाशिवाय ते बियाणे कुठले हे सांगता येत नाही. आमच्या फाइलीला असा लॉट क्रमांकच नव्हता.

म्हणून या साधनाचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे वैशिष्ट्य म्हणजे प्रसिद्ध केलेली आवृत्ती पुन्हा लिहू न देणे. रिलीज रिपॉझिटरीत ही सेटिंग लावली की ४.२ एकदा चढली म्हणजे चढली. त्याच क्रमांकाने दुसरी फाइल चढवू पाहिली तर सर्व्हर नकार देतो. कामचलाऊ बिल्डसाठी स्नॅपशॉट रिपॉझिटरी वेगळी असते, तिथे वाटेल तितके बदल करावेत. दुसरे वैशिष्ट्य प्रॉक्सीचे, म्हणजे मध्यस्थ साठ्याचे आहे. मेव्हन सेंट्रल (जावाचे) किंवा एनपीएम (जावास्क्रिप्टचे) या सार्वजनिक पॅकेज-साठ्यांवरून एकाने पॅकेज आणले की त्याची प्रत आपल्याकडे राहते आणि बाकीच्यांना ती गावातल्या गावात मिळते. नेक्सस आणि आर्टिफॅक्टरी ही असा सर्व्हर चालवणारी सॉफ्टवेअरे. आपला साठा, बाहेरच्याची प्रत आणि दोन्हींचा एकत्र पत्ता यांना नेक्ससमध्ये होस्टेड, प्रॉक्सी आणि ग्रुप, तर आर्टिफॅक्टरीत लोकल, रिमोट आणि व्हर्च्युअल अशी नावे आहेत; कल्पना एकच, की प्रोग्रामरला एकच पत्ता द्यायचा आणि त्यामागे काय कुठून येते ते एका जागी ठरवायचे.

मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून लेफ्ट-पॅड हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले आणि जगभरची बिल्ड बंद पडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये जावा-अँड्रॉइडची पॅकेजेस देणारे जेसेंटर बंद करण्याची घोषणा झाली, तेव्हा असंख्य अँड्रॉइड प्रकल्पांना पत्ते बदलत बसावे लागले. बाहेरच्या दुकानावर आपला हंगाम अवलंबून ठेवू नये.

वर्धाकाठ

पऱ्हाटी भाऊ, पावतीची गोष्ट वाचून वाईट वाटले, पण त्यावरचा उपाय मला पटत नाही. तुमच्या प्रसंगात दोष लॅपटॉपवर बिल्ड करण्याच्या सवयीचा होता. बिल्ड एकाच यंत्रावर, लॉक फाइल (कोणत्या लायब्ररीची नेमकी कोणती आवृत्ती घ्यायची ते नोंदवणारी) पाळून करण्याचा नियम असता तर तो टळला असता आणि त्यासाठी नवा सर्व्हर लागला नसता.

असा सर्व्हर मी आधीच्या चमूत दोन वर्षे सांभाळला आहे. एका पावसाळ्यात वीज गेली, यूपीएसची बॅटरी उतरली आणि सर्व्हरच्या आतला डेटाबेस बिघडला. फाइली डिस्कवर शाबूत होत्या, मात्र कोणती फाइल कोणत्या नावाची हे सांगणारी नोंद गेली होती. बॅकअप होता तो फक्त फाइलींचा. डेटाबेस आणि फाइलींचा साठा यांचा बॅकअप एकाच वेळचा नसेल तर दोन्ही जुळत नाहीत, हे आम्ही त्या आठवड्यात शिकलो. पुढे डिस्क भरली. जुने स्नॅपशॉट पुसले तरी जागा मोकळी होईना, कारण पुसलेल्या फाइलींवर केवळ खूण होत होती आणि साठा आवळण्याचे वेगळे काम कोणी वेळापत्रकात लावलेच नव्हते. मोठ्या शहरात हे पाहणारा स्वतंत्र माणूस असतो. आपल्याकडे तोच माणूस दुपारी कारखान्यात प्रिंटर दुरुस्त करत असतो.

सोयाबीनचे घरचे बियाणे राखून ठेवतात, तसे डिपेंडन्सीचे, म्हणजे बाहेरून आणलेल्या पॅकेजेसचे करावे. गो भाषेत पॅकेजेस कोडासोबतच ठेवायचे व्हेंडर फोल्डर आहे, मेव्हनला ऑफलाइन चालवता येते, एनपीएम आपली कॅशे (आधी आणलेल्या पॅकेजेसच्या प्रती) वापरते. तयार फाइली कोड ठेवतो तिथल्याच रिलीज पानावर चढवाव्यात. पाच जणांना एवढे पुरे आहे.

संत्राबाग

मी मोर्शीकडून, घरून काम करतो, म्हणून एवढेच सांगतो की डॉकर हब या सार्वजनिक ठिकाणाने नोव्हेंबर २०२० पासून ओळख न देता इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे यांचा तयार गठ्ठा) घेण्यावर सहा तासांत १०० ची मर्यादा लावली आणि ती आयपी पत्त्यावर मोजली जायची. एकाच जोडणीवर सगळे काम करत असतील तर ती सगळ्यांची मिळून मोजली जाते. एकदा आणलेली इमेज प्रॉक्सीतून पुन्हा मिळते, हा फायदा लहान नाही.

काळी माती

दोघांच्याही बोलण्यातून सुरक्षेचा मुद्दा सुटला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲलेक्स बिरसन या संशोधकाने दाखवून दिले, की एखाद्या कंपनीच्या अंतर्गत पॅकेजचे नाव कळले आणि त्याच नावाचे, पण मोठ्या आवृत्तीचे पॅकेज सार्वजनिक ठिकाणी टाकले, तर अनेक बिल्ड प्रणाली बाहेरचेच उचलतात. ॲपल आणि मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्याही त्यात सापडल्या होत्या. पायथनची पॅकेजेस आणणाऱ्या पिपमध्ये जादा इंडेक्सचा (पॅकेज शोधायच्या आणखी एका ठिकाणाचा) पत्ता देणारे हीच चूक आजही करतात. आपल्या नावांची पॅकेजेस कधीही बाहेरून मागायची नाहीत, हा नियम रिपॉझिटरी मॅनेजरमध्ये एकदा लिहिता येतो. पाच लॅपटॉपवर तो पाच वेळा लिहावा लागतो आणि सहावा माणूस आला की राहून जातो.

परंतु पऱ्हाटी भाऊ, प्रॉक्सी म्हणजे सुरक्षा नव्हे. ऑक्टोबर २०२१ मध्ये यूए-पार्सर-जेएस या पॅकेजच्या तीन घातक आवृत्त्या एनपीएमवर आल्या आणि काही तासांत काढल्या गेल्या. त्या काही तासांत तुमच्या प्रॉक्सीने एखादी आवृत्ती घेतली असती, तर मूळ ठिकाणाहून काढल्यावरही ती तुमच्या साठ्यात राहिली असती आणि विश्वासाने वाटली गेली असती. साठवलेली वस्तू कोण तपासतो, याचे उत्तर आधी द्यावे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावातल्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीची सुरक्षा-त्रुटी उघड झाली, तेव्हा साठ्यात शोध घेता आल्याने पुष्कळांचे काम सोपे झाले, पण साठा फक्त काय आणले ते सांगतो. कोणत्या कारखान्यात काय चालू आहे ते नाही.

पऱ्हाटी

ताई, हे मान्य आहे. घातक ठरलेली आवृत्ती साठ्यातून हाताने काढावी लागेल आणि नव्या आवृत्त्या आल्या त्याच दिवशी घ्यायच्या नाहीत असे आम्ही ठरवतो.

वर्धाकाठ भाऊ, बॅकअपबद्दल तुम्ही लिहिले ते मी आजच वहीत उतरवून घेतले. दोन्ही बॅकअप रात्री सर्व्हर थांबवून एकत्र घ्यायचे. तरीही रिलीज पानाचा तुमचा पर्याय मला अपुरा वाटतो. तसे बंधन मुद्दाम घातले नसेल, तर तिथे फाइल काढून त्याच नावाने दुसरी ठेवता येते, आणि आमच्याकडे नेमके तेच पेनड्राइव्हवर घडले होते. नियम माणसाने पाळायचा असेल तर तो हंगामाच्या गर्दीत मोडतोच. रात्री अकराला काटा बंद पडल्याचा फोन आला, की समोर उभ्या गाड्या दिसतात, नियम दिसत नाही. त्या क्षणी यंत्रानेच नकार दिला पाहिजे. आमच्या प्रकल्पात जावाही आहे आणि एनपीएमही, त्यामुळे प्रत्येक भाषेची वेगळी कॅशे राखण्यापेक्षा एकच साठा मला सोपा वाटतो.

वर्धाकाठ

यंत्राने नकार द्यावा हे तुमचे म्हणणे पटले. रिलीज पानावर ते बंधन मी या आठवड्यात लावून पाहतो. सर्व्हर मात्र मी पुन्हा उभा करणार नाही, कारण ज्या रात्री तो बंद पडेल त्या रात्री तुम्हाला दुरुस्त फाइल देता येणार नाही आणि गाड्या तशाच उभ्या राहतील.

तुम्ही सर्व्हर ठेवा किंवा न ठेवा, एक गोष्ट करा. खरेदीच्या पावतीच्या तळाशी आवृत्तीच्या आकड्याशेजारी चालू फाइलीच्या चेकसमची (फाइलीच्या मजकुरावरून निघणाऱ्या, फाइल बदलली की बदलणाऱ्या खुणेची) पहिली आठ अक्षरे छापा. ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचे, कोणत्या कारखान्यात काय चालू आहे याचे, उत्तर त्यातून मिळेल, आणि दोन कारखान्यांच्या पावत्या शेजारी ठेवल्या की फाइल वेगळी असल्याचे शेतकऱ्यालाही दिसेल.

पऱ्हाटी

पावतीवर तळाशी एक ओळ रिकामी आहे. उद्या छापून पाहतो.