धुरे पेटवायचे की ठेवायचे? (निमित्त न्यूझीलंडचा वेटा)

धुऱ्यावरची:
परवा शेजारच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, पेटवला. आग विझल्यावर मी जाऊन पाह्यलं, राखेत नाकतोड्यांचे मागचे पाय पडले होते, नुसते पाय, त्यावरचे करवतीसारखे काटे तसेच. तेव्हापासून डोक्यात वेटा घोळून राह्यला म्हणून लिहिते.

वेटा म्हणजे न्यूझीलंडचा, आपल्या नाकतोड्या-रातकिड्याच्या गोतातला, पण बिनपंखाचा किडा. त्यातला वेटापुंगा सगळ्यात जड, पाळलेली एक मादी पोटात अंडी असताना 71 ग्रॅम भरली होती, दोन चिमण्यांपेक्षा जास्त. कान समोरच्या पायाच्या नडगीवर. दिवसा दडून बसणार, रात्री पाला खाणार, मादी अंडी मातीत खुपसणार. त्या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा सस्तन प्राणी मुळात नव्हताच, शिकार करणारे म्हणजे पक्षी नाहीतर सरड्यासारखे प्राणी, जास्त करून डोळ्यानं हेरणारे. म्हणून धोका दिसला की बहुतेकदा हालायचं नाही, ही याची सवय. मग माणसांच्या होड्यांतून उंदीर आले, ते वासानं शोधतात, अन् हा बसल्या जागी खाल्ला गेला. मोठे वेटे बहुतेक लहान बेटांवरच उरले.

पण तिथल्या मुख्य भूमीवरच्या माहोएनुई भागात 1962 मध्ये वेट्याची एक जात सापडली, अन् तिची मोठी वस्ती पुढे कशात निघाली तर गॉर्सच्या काटेरी झुडपात! गॉर्स युरोपातून कुंपणासाठी नेलेलं, तिथल्या शेतकऱ्याच्या जिवाला घोर लावणारं तण. बकऱ्या शेंडे खुडत राहतात त्यामुळे झुडूप इतकं गच्च होते की उंदराला आत शिरणं कठीण. तण म्हणून तेही कोणी सरसकट जाळलं असतं तर? माझं म्हणणं, धुरे पेटवणं बंदच करा.

कपाशीवाला:
ताई राग नका मानू पण तुमच्या वावरात रानडुक्कर येते का? धुऱ्यावर घाणेरी, बोराटी माजली की डुक्कर दिवसभर तिथंच लोळते अन् रातीले भुईमूग उकरते, सापाचं भेव वेगळंच. काडी एक रुपयाची, बाई लावली तर रोज तीनशे. अन् 2020 च्या मे महिन्यात काटोल-मोर्शीकडे टोळ उतरली तवा संत्र्याच्या बागेत थाळ्या बडवून, धूर करून हाकलली लोकाईनं. नाकतोडा वाचवा म्हणान तर गावात कोणी ऐकून नाई घेणार.

धुऱ्यावरची:
भाऊ, ती टोळ राजस्थानकडून आलेली, तुमच्या धुऱ्यातून निघालेली नव्हती. वेट्याला तर पंखच नाही, थवा कुठून करणार. डुकराचं म्हणता ते खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

कुरणातला मास्तर:
मले दोघांचंही पटलं नाई. ताई, गॉर्सचा दाखला आपल्याकडे जसाच्या तसा नका लावू. घाणेरीखाली गवत जगत नाही अन् आपल्या बहुतेक नाकतोड्याले गवत पाहिजे, त्यामुळे घाणेरी काढाच. पण पेटवून ती मरत नाई, बुडातून पुन्हा फुटते, ती मुळासकट उपटावी लागते. आगीत सगळेच नाकतोडे मरतात असंही नाही, उन्हाळ्यात बहुतेकांची अंडी मातीत असतात, त्यातली बरीच वाचतात. खरा घात होते तो गवताच्या बुडाशी दडलेल्या बाकी जिवांचा. वरोऱ्याकडचा माळढोक नाकतोडे टिपत हिंडायचा, कुरणं वखरली गेली अन् तो दिसेनासा झाला, त्याचं मले अजून वाईट वाटते.

कपाशीवाला:
सर, एक सांगा. त्या न्यूझीलंडात जमिनीचं काय केलं? शेतकऱ्यानं फुकटात ठेवली का?

धुऱ्यावरची:
नाही. सरकारी खात्यानं जमीन घेतली, राखीव केली. बकऱ्यांवरही लक्ष ठेवावं लागते, त्या चरल्या नाहीत तर गॉर्स वर वाढून विरळ होते, मग जंगली झाडं डोकं काढतात अन् झुडूपच मरते. 2007 मध्ये वेलिंग्टनला दुसऱ्या जातीचे वेटे बेटावरून आणून कुंपण घातलेल्या जंगलात सोडले, तेव्हा कुठे ती जात मुख्य भूमीवर परत दिसली.

कपाशीवाला:
मंग तेच तर म्हणून राह्यलो. तिथं सरकारनं मोजले पैसे, इथं माह्या धुऱ्याचे कोण मोजते? कास्तकारानंच काहून सोसावं?

ऑरेंज सिटी:
भाऊशी सहमत. आपल्याकडे माणसाचेच हाल, त्यात किड्यांसाठी पैसा कुठून आणायचा?

धुऱ्यावरची:
मी किड्यांसाठी पैसा मागितलाच नाही, फक्त काडी लावू नका म्हटलं. पण भाऊ म्हणतात ते मान्य, मजुरीचा भार एकट्या शेतकऱ्यावर नको. धुरे छाटायचं काम रोजगार हमीत बसते का, ग्रामसभेत विचारते मी.

कुरणातला मास्तर:
भाऊ, पेटवायचंच असलं तर सगळे धुरे एका दिवशी नका पेटवू. एक बाजू यंदा, दुसरी पुढच्या साली. म्हणजे जे पळते त्याले बाजूले जागा राह्यते.

कपाशीवाला:
हे जमते. नाल्याकडचा यंदा ठेवतो, तसंही तिथं पिकत नाई. बाकीचे तीन पेटवीन, ते आत्ताच सांगून ठेवतो. डुक्कर शिरलं तर इथंच येऊन तुमाले विचारीन.