डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट घरी बदलायचाय, लॉकिंग पिना नसल्या तर चालेल का?

निळा_बॉनेट

मंडळी नमस्कार. गाडी डिझेल आहे, १.५ डीसीआय, ८ व्हॉल्व्हवालं के९के इंजिन. किलोमीटर फार झालेले नाहीत पण वर्षांच्या हिशोबाने टायमिंग बेल्ट (क्रँक म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा आणि कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, या दोघांना एका मेळात फिरवणारा दातेरी पट्टा) बदलायची वेळ झालीय. वरचं कव्हर काढून टॉर्चने बघितलं, चिरा नाहीत, दात शाबूत आहेत, म्हणजे दिसायला ठणठणीत, तरी रिस्क नको म्हणून बदलायचाच आहे. ब्रेक पॅड, कूलंट, बाहेरचा आल्टरनेटरचा बेल्ट ही कामं मी घरीच करतो, जॅक स्टँड आणि टॉर्क रेंच आहे.

विचारायचंय असं की बरेच जण जुन्या बेल्टवर आणि पुल्यांवर व्हाइटनरने खुणा करतात आणि त्या नवीन बेल्टवर उतरवून सरळ चढवतात, क्रँक आणि कॅम लॉक करायच्या पिना वापरतच नाहीत, हे खरंच चालतं का? दुसरं म्हणजे वॉटर पंप गळत नाहीये तरी बदलायचा का? आणि क्रँक पुलीचा बोल्ट कसा सोडवायचा, सगळे म्हणतात की तिथेच काम अडतं.

रिंगपाना

बेल्टच्या दिसण्यावर अजिबात जाऊ नका. ताकद असते ती रबराच्या आतल्या काचतंतूंच्या दोऱ्यांमध्ये, आणि त्या थकलेल्या बाहेरून दिसत नाहीत. म्हणून तर कंपनी किलोमीटर आणि वर्षं दोन्ही देते आणि जे आधी होईल ते धरायचं असतं. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन १६-१८ पट असतं म्हणजे पिस्टन वर आल्यावर हेडखाली जागा जवळजवळ उरतच नाही, त्यात एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला की पिस्टन थेट त्याच्यावर आदळणार. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकले, हेड उतरवावं लागलं, असं सरळ गणित आहे. बदलताय ते उत्तम करताय.

चारपाने

व्हाइटनरने काम होतं हो. मी आधी सगळं टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेला) आणतो, क्रँक, कॅम आणि डिझेल पंप तिन्हीकडे खुणा करतो, जुना आणि नवा बेल्ट शेजारी ठेवून दोन खुणांमधले दात मोजतो आणि मगच चढवतो. दात बरोबर मोजलेत तर टायमिंग चुकायला जागाच नाही.

जुनाइंजिन

चारपाने, दात मोजायची सवय चांगलीच आहे, मीही मोजतो, पण ती उलटतपासणी म्हणून. फक्त खुणांवर काम करायला माझा विरोध आहे आणि कारण सांगतो. बेल्ट उतरला की कॅम मोकळा होतो आणि त्याच्या लोब्जवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या उंचवट्यांवर) व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा दाब असतोच, त्यामुळे हात लागला नाही तरी कॅम टुणकन थोडा फिरू शकतो. मग तुम्ही तो पाना लावून परत खुणेवर आणणार, आणि त्या वेळी पिस्टन वर असेल तर तिथेच व्हॉल्व्ह टेकणार. शिवाय खूण ही जाड रेघ असते, अर्धा दात इकडेतिकडे डोळ्याला कळतच नाही. क्रँकच्या पुलीला समजा २० दात असतील तर एक दात म्हणजे १८ अंश, डिझेलला तेवढा फरक खूप झाला. पिनांचा सेट विकत घ्या नाहीतर कुणाकडून मागून आणा, पण त्याशिवाय बेल्टला हात लावू नका.

निळा_बॉनेट, आता तुमच्या इंजिनाचं. बॅटरीची वायर काढा, इंजिन पूर्ण थंड हवं कारण बेल्टचा ताण थंड इंजिनवरच सेट करतात. इंजिनाचं उजवं माउंट (इंजिन बॉडीला धरून ठेवणारा आधार) काढावं लागतं, म्हणून आधी संपखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या डब्याखाली) लाकडाचा रुंद ठोकळा ठेवून जॅकने इंजिनाला नुसता आधार द्या, उचलायचं नाही. गाडी मात्र स्टँडवरच उभी पाहिजे.

क्रँकचा बोल्ट पिना लावायच्या आधी ढिला करायचा, हे नीट लक्षात ठेवा. गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा, किंवा फ्लायव्हील लॉक करायचं हत्यार लावा, आणि लांब दांडा घेऊन सोडवा. क्रँकची पिन जागा दाखवायला असते, जोर सहन करायला नाही, तिच्या भरवशावर बोल्ट सोडवला तर पिन वाकते नाहीतर ब्लॉकला इजा होते. घट्ट करतानाही तेच. आणि पाना अडकवून स्टार्टर मारायचा प्रकार करतात तो कृपया करू नका, हात जाईल.

मग क्रँक इंजिन फिरतं त्याच दिशेने हळूहळू फिरवा, उलटा कधीच नाही. ब्लॉकचा प्लग काढून पिन आट्यांवर फिरवून आत बसवली की क्रँक तिला अलगद टेकतो, आणि त्याच वेळी कॅमच्या पुलीच्या भोकातून ८ मिमीची पिन हेडमध्ये सहज गेली पाहिजे. डिझेल पंपाच्या पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये दाखवलीय तिथेच आहे ना ते बघा. हे तिन्ही जुळल्यावरच टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) ढिला करायचा.

आणि एक गोष्ट जी घाईत राहून जाते. या इंजिनात क्रँकचं टोक, दातेरी पुलीचं आतलं भोक आणि बाहेरच्या पुलीचा टेकणारा भाग हे सगळं डिग्रीझरने पुसून कोरडं करायचं. तिथे पकड बोल्टच्या आवळण्यातून येते, तेलाचा हात लागलेला राहिला तर पुली क्रँकवर घसरू शकते, म्हणजे बेल्ट नवाकोरा आणि टायमिंग गेलं. बोल्टही नवीनच घ्या, तो ताणून आवळायचा असतो, आधी टॉर्क आणि मग अंश, आकडे तुमच्या इंजिन नंबरच्या मॅन्युअलमधूनच घ्या कारण बोल्टच्या साइझप्रमाणे ते बदलतात.

नवीन बेल्ट चढवताना बाणाची दिशा बघा, बेल्ट मुडपू नका, स्क्रूड्रायव्हरने ढकलू नका. क्रँकपासून सुरू करून टेन्शनरच्या विरुद्ध बाजूने ताठ ठेवत यायचं, सैलपणा सगळा टेन्शनरकडे आला पाहिजे. टेन्शनरचा काटा जागेवर आणा, दोन्ही पिना काढा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, त्यात सगळे व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतात. मध्ये कुठे कडक अडलं तर तिथेच थांबा, जोर लावू नका. मग पिना परत घालून बघा आणि काटा परत तपासा.

रिंगपाना

वॉटर पंपाबद्दल कुणी बोललं नाही. बदलाच. तो याच बेल्टवर फिरतो, त्याचा बेअरिंग जाम झाला किंवा कूलंट बेल्टवर आलं तर नवीन बेल्टही जाणार आणि परत हेच सगळं उघडावं लागणार. टेन्शनर, आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारा रोलर) असेल तर तो, पंप, सगळं किटमध्ये घ्या. कव्हर उघडलंच आहे तर कॅम आणि क्रँकची ऑइल सील ओली आहेत का ते बोट फिरवून बघा, ओली असतील तर आधी सील, मगच बेल्ट.

बाहेरचा आल्टरनेटर बेल्टही बघा. त्याच्या कडा उसवल्या की धागे सुटतात आणि ते धागे क्रँक पुलीच्या मागून खालच्या कव्हरमध्ये शिरून टायमिंग बेल्टखाली अडकतात. टायमिंग बेल्ट नवा असताना दात सरकतात ते असेही.

निळा_बॉनेट

जुनाइंजिन, रिंगपाना, मनापासून आभार. पिनांचा सेट मागवतोय, तो आल्याशिवाय सुरुवात करणार नाही. शेवटची शंका, दोन फेऱ्यांनंतर कॅमची पिन अगदी थोडक्यात जात नसेल, म्हणजे भोक केसभर सरकलेलं दिसत असेल, तर तेवढं चालवून घ्यायचं का?

जुनाइंजिन

नाही. आधी क्रँक पिनेला पूर्ण टेकलाय का बघा, बरेचदा तोच थोडा आधी थांबलेला असतो. टेकला असूनही कॅमची पिन हाताने जात नसेल तर बेल्ट परत उतरवून पहिल्यापासून, हातोडीने ठोकून घालायची नाही. दात चुकलेला असताना इंजिन सुरू झालंच तरी धूर, जड स्टार्टिंग, पिकअप नाही आणि स्कॅनरवर पी००१६ म्हणजे क्रँक-कॅमचा मेळ नाही हा कोड, असं होऊ शकतं.

सगळं बरोबर असेल तर कूलंट भरा, हवा काढा, दोन्ही पिना काढल्यात आणि ब्लॉकचा प्लग परत बसवलाय हे बघा आणि मगच चावी फिरवा. डिझेलच्या नळ्या कुठे सोडल्याच नाहीत तर पहिल्या दोन-तीन सेकंदांत सुरू झाली पाहिजे. आवाज वेगळा वाटला तर लगेच बंद करा आणि इथे लिहा. बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर कव्हरवर मार्करने लिहून ठेवा, पुढच्या वेळी गाडी कुणाच्याही हातात असली तरी त्याला कळेल.