पावसाच्या इशाऱ्यांसाठी एक्सवर खाते उघडावे का? (मदत हवी आहे)

नमस्कार.

मी चिपळूणचा. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो, त्याला सहा वर्षे झाली. आजवर फेसबुकवरसुद्धा खाते काढलेले नाही. व्हॉट्सअ‍ॅप तेवढे आहे, तेही मुलीने फोनमध्ये घालून दिले म्हणून. आता मात्र एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, खाते उघडावे की नाही हे काही केल्या ठरत नाही. मुलगी म्हणते, "बाबा, त्या भानगडीत पडू नका." जावई म्हणतात, "उघडून टाका, पैसे थोडेच पडतात." दोघांपैकी कोणीही कारण सांगत नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

माझी गरज पावसाची आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे आणि शिवनदीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हापासून जुलै महिन्यात रात्री जोराची सर आली की आमच्या आळीतले निम्मे लोक उठून बसतात. मुंबईच्या हवामान केंद्राचा पुढील तीन तासांचा इशारा आणि जिल्हा प्रशासनाच्या सूचना एक्सवर लगेच येतात, असे सगळे सांगतात. तोच मजकूर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येईपर्यंत त्याची तारीख आणि वेळ गळून पडलेली असते, आणि कधी कधी तर तो आमच्या जिल्ह्याचा नसतोच.

गेल्या जुलैत मी खाते न उघडता ब्राउझरमधून एक्सवरचे एक पान पाहत होतो. वरच 'रेड अलर्ट' दिसला. मी तसाच छत्री घेऊन शेजारी गेलो आणि त्यांना गाडी वरच्या रस्त्याला नेऊन लावायला सांगितले. त्यांनी ती भर पावसात नेली. घरी येऊन चष्मा पुसून पुन्हा वाचले, तेव्हा तो इशारा आदल्या वर्षीचा निघाला. चूक माझीच होती, तारीख खाली स्पष्ट लिहिलेली होती. शेजारी अजूनही आभाळ भरून आले की "सर, आज कुठल्या सालचा पाऊस?" असे विचारतात.

दुसरी गोष्ट माझ्या नोंदींची. गच्चीवर पर्जन्यमापक आहे आणि रोज सकाळी साडेआठला मी चोवीस तासांचा पाऊस वहीत लिहितो. या नोंदी तेथे रोज टाकल्या तर कोणाच्या उपयोगी पडतील का, की विहिरीत दगड टाकल्यासारखे होईल? लिहायचे तर मराठीतच लिहीन. पुण्यातला भाचा म्हणतो, एक्स नको, मॅस्टोडॉनवर या. ब्लूस्काय आणि थ्रेड्स ही नावेही त्यानेच ऐकवली. ज्यांनी ही माध्यमे काही काळ वापरली आहेत, त्यांनी अनुभवाने सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद १

नमस्कार सर. केवळ वाचण्यासाठी असेल तर खाते अवश्य उघडा. आपल्याला जुना इशारा वर दिसला, त्यात चष्म्याचा दोष थोडाच होता. २०२३ च्या मध्यापासून एक्सने खाते नसलेल्यांसाठी वाचनावर मर्यादा घातल्या आहेत. एखाद्या खात्याचे पान उघडले तरी नोंदी ताज्या-शिळ्या अशा क्रमाने न येता, ज्यांना जास्त लोकांनी पसंती दिली त्या आधी येतात. मोठ्या पावसाचा जुना इशारा साहजिकच वर राहतो. पावसाच्या बाबतीत तीन तासांपूर्वीची नोंदही शिळी, मग वर्षापूर्वीची काय सांगावी. एवढ्या एका कारणासाठीही खाते असणे फायद्याचे आहे.

खाते उघडल्यावर मात्र पहिल्या दिवशीच थोडी व्यवस्था लावून घ्यावी लागते. उघडताच जो रकाना समोर येतो, त्यात आपण न मागितलेल्या लोकांची भांडणे भरलेली असतात. तो सोडून 'फॉलोइंग' या रकान्यात जा आणि तेथे 'अलीकडचे आधी' हा क्रम लावा. हवामान केंद्र, जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा पोलीस, रेल्वे, अशी चार-सहा खातीच निवडा. ज्या खात्याची प्रत्येक नोंद तत्काळ हवी, त्याच्या पानावर घंटेचे चिन्ह असते, ते दाबून ठेवा.

खात्याच्या नावाशेजारी दिसणाऱ्या निळ्या खुणेवर मात्र विसंबू नका. एलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरना ही कंपनी घेतल्यानंतर ती खूण पैसे भरून कोणालाही मिळू लागली. सरकारी खात्यांना राखाडी खूण असते. पावसाळ्यात हवामानतज्ज्ञ म्हणवणारे पुष्कळ उगवतात आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे निळी खूण असते.

प्रतिसाद २

मी थोडा वेगळा विचार मांडतो. २०२१ च्या त्या पहाटे आमच्या भागात वीज आणि मोबाइलचे नेटवर्क दोन्ही गेले होते. त्या वेळी हातात कोणतेही अ‍ॅप असते तरी त्याचा उपयोग काय? इशारा आदल्या संध्याकाळी मिळाला तरच त्याला अर्थ आहे, आणि त्यासाठी हवामान विभागाचे 'मौसम' आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे 'सचेत' ही अ‍ॅप पुरतात. विजांसाठी 'दामिनी' आहे. त्यांत भांडणे नाहीत आणि फॉलोअर मोजायचे नाहीत. एक्स हे त्यांच्या जोडीला असावे, त्यांच्या जागी नव्हे.

प्रतिसाद ३

भाच्याचे म्हणणे तत्त्वतः योग्य आहे, परंतु आपल्या गरजेला ते लागू पडत नाही. मॅस्टोडॉन २०१६ मध्ये जर्मनीतील ऑयगन रोखको यांनी सुरू केले. ते एका कंपनीच्या मालकीचे नसून अनेक स्वतंत्र सर्व्हरचे जाळे आहे. तेथे जाहिराती नाहीत आणि नोंदी वेळेच्या क्रमाने दिसतात. मी तीन वर्षे तेथे आहे आणि तेथील संभाषण मला आवडते. पण आपल्याला ज्यांचे वाचायचे आहे ती कार्यालये मला तेथे भेटली नाहीत. गाडी ज्या फलाटावर येते, त्याच फलाटावर उभे राहावे लागते. ब्लूस्काय फेब्रुवारी २०२४ पासून निमंत्रणाशिवाय सर्वांना खुले झाले आणि थ्रेड्स मेटा कंपनीचे आहे. सरकारी इशाऱ्यांसाठी त्यांच्याकडे वळण्याचे कारण मला दिसत नाही. 'कू'चे उदाहरणही समोर ठेवा. २०२० मध्ये बंगळूरुत सुरू झालेल्या त्या माध्यमावर मराठीची सोय होती, मंत्रालयांची खाती होती, आणि जुलै २०२४ मध्ये ते बंद करत असल्याचे चालकांनी जाहीर केले. म्हणून नोंदी कोठेही टाका, पण वही बंद करू नका.

मराठीत लिहिण्याबाबत एक बारीक गोष्ट सांगतो. एक्सवर विनामूल्य खात्याला २८० चिन्हे मिळतात, पण काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याचे चिन्ह हे प्रत्येक वेगळे मोजले जाते. 'वाशिष्ठी' हा शब्द आपण तीन अक्षरी म्हणतो. तेथे तो आठ चिन्हांचा होतो. ब्लूस्कायवर मर्यादा ३०० ची आहे, पण अक्षर त्याच्या काना-मात्रेसकट एक धरले जाते, त्यामुळे मराठी मजकूर बराच जास्त मावतो. मॅस्टोडॉनवर साधारणपणे ५०० असतात.

आणि सर, आपण आकडे टाकणार असाल, तर त्यांच्यासोबत विशेषण लावू नका. चोवीस तासांत ७० मिलिमीटर पाऊस झाला, तर महसूल खात्याच्या लेखी ती अतिवृष्टी होते, कारण त्यांची रेषा ६५ ची आहे. हवामान विभागाच्या वर्गवारीत ६४.५ ते ११५.५ पर्यंत केवळ मुसळधार आणि त्यापुढे २०४.४ पर्यंत अतिमुसळधार. आपण सहज 'अतिवृष्टी' असे लिहाल आणि कोणी तरी ते उचलून धरण फुटल्याच्या बातमीला जोडेल. ठिकाण, तारीख, कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत, आणि मिलिमीटर, एवढेच लिहावे. वाचणारे थोडे असतील, पण जे असतील ते नेमके पावसाचे वेडे असतील.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी जावयांना शेजारी बसवून खाते उघडले. फोन नंबर न देता ईमेलवर काम झाले. पाच खाती निवडली आणि त्यांपैकी दोघांची घंटा लावली. 'मौसम' आणि 'सचेत' हीसुद्धा घेतली. पहिल्या रकान्यात दोन मिनिटे डोकावलो. एका क्रिकेटपटूवरून माणसे एकमेकांचे आईबाप काढत होती, ते पाहून 'फॉलोइंग'मध्ये परतलो आणि आता तेथेच राहीन.

नोंदी टाकण्याचे तूर्त लांबणीवर टाकतो. रोज टाकायच्या तर एखादा दिवस चुकला की लोक विचारतील, आणि वहीत मात्र गावाला गेलो त्या दिवसांसमोर 'नोंद नाही' असे लिहून मोकळे होता येते. येत्या पावसाळ्यात फक्त १०० मिलिमीटरच्या वरचे दिवस टाकून पाहावे, असा विचार आहे.

एक शंका राहिली. आमच्या तालुक्याच्या नावाचे एक खाते आहे. बोधचिन्ह सरकारी दिसते, सूचनाही ताज्या आहेत, पण राखाडी खूण नाही. त्यावर विश्वास ठेवावा का?

प्रतिसाद १

लहान कार्यालयांच्या बऱ्याच खऱ्या खात्यांनाही ती खूण नसते, त्यामुळे खूण नाही म्हणून ते खोटे ठरत नाही. जिल्ह्याच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या खात्याचा दुवा आहे का ते पाहा. नसेल तर तहसील कार्यालयात दिवसा फोन करून सरळ विचारा. आपण चिपळूणमध्येच आहात, तेव्हा फेरी मारलीत तरी चालेल. उत्तर मिळेपर्यंत त्या खात्याची घंटा लावू नका आणि तेथला मजकूर आळीच्या गटावर पुढे पाठवू नका. शेजाऱ्यांची गाडी पुन्हा पावसात न्यायला लागायची.