चार मोटारींचे लिबरेटर: आच्छादन चढवण्याआधी आत काय काय बसवून घ्यावे?

सिडकोतला सांगाडा यांचा प्रश्न:

नमस्कार. गेली दीड वर्षे मी बी-२४ लिबरेटर या चार इंजिनांच्या बॉम्बर विमानाची १/१२ प्रमाणातली रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती बांधत आहे. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ११० फूट होता, त्यामुळे माझ्या प्रतिकृतीचा विस्तार सुमारे २.८ मीटर आणि लांबी १.७ मीटर आली आहे. धडाचे फॉर्मर (आडवे छेद) हलक्या प्लायवूडचे, स्ट्रिंगर (लांबीच्या पट्ट्या) बाल्सा या हलक्या लाकडाचे आणि पंख तीन भागांत, कार्बनच्या नळीवर जोडले जाणारे, अशी रचना आहे. आच्छादनाविना सांगाड्याचे वजन काल ३.१ किलो भरले.

हेच विमान निवडण्याचे कारण सांगतो. माझे वडील नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात होते आणि लहानपणी त्यांच्याकडून मी कानपूरची हकीकत अनेकदा ऐकली आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी मोडतोड करून टाकून दिलेली लिबरेटर विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी पुन्हा उडण्याजोगी केली, चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला उडवत नेली आणि १९४८ पासून पुढे वीस वर्षे ती आपल्या हवाई दलात राहिली. त्यांपैकीच एक, एचई ८०७, आज ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आहे. माझी प्रतिकृती त्याच भारतीय रूपात, समुद्रावर टेहळणी करणाऱ्या स्क्वाड्रनच्या रंगात करायची आहे.

चार ब्रशलेस विद्युत मोटारी ६एस लायपोवर (सहा सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीवर) चालवायच्या ठरवल्या आहेत आणि एकूण वजन आठ किलोच्या आसपास ठेवण्याचा प्रयत्न आहे. मोटारींचा वेग सांभाळणारे स्पीड कंट्रोलर नॅसेलमध्ये (पंखावरच्या मोटारीच्या घरात) ठेवावेत की धडात, हे मला ठरवता येत नाही, कारण बाहेरची मोटार धडापासून साठ सेंटिमीटर दूर आहे. बॅटरी एकच मोठी घ्यावी की दोन, आणि आच्छादन चढवण्याआधी कोणकोणती कामे पूर्ण झालीच पाहिजेत, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे. आच्छादनाची पातळ प्लॅस्टिक फिल्म चढली की पंखात हात घालता येत नाही, म्हणून सध्या थांबलो आहे.

पंचवटी बाल्सा यांचे उत्तर:

आपण थांबलात हे फार बरे केले. माझे मत असे की मोठ्या बहुइंजिनी विमानाची सगळी वायरिंग, सगळे सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटारी) आणि चारही मोटारी उघड्या सांगाड्यात बसवून, पूर्ण थ्रॉटलवर चालवून पाहिल्याशिवाय फिल्मचा रोल सोडूसुद्धा नये.

बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामधली वायर लांब झाली की वायरीतल्या इंडक्टन्समुळे कंट्रोलरच्या तोंडाशी व्होल्टेजचे झटके बसतात आणि त्याचे कपॅसिटर हळूहळू निकामी होतात. हा बिघाड पहिल्या दिवशी दिसत नाही, दहाव्या-बाराव्या उड्डाणात दिसतो, म्हणून तो जास्त घातक. त्यावर दोन मार्ग आहेत. कंट्रोलर धडात बॅटरीजवळ ठेवून मोटारीकडे जाणाऱ्या तिन्ही वायरी लांबवाव्यात, किंवा कंट्रोलर नॅसेलमध्येच ठेवून त्याच्या बॅटरीकडच्या टोकाला जादा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचे) कपॅसिटर सोल्डर करावेत. मी दुसरा मार्ग निवडेन, कारण नॅसेलमध्ये प्रोपेलरचा वारा मिळतो आणि तीनऐवजी दोनच जाड वायरी पंखातून न्याव्या लागतात. मात्र काउलिंगच्या (इंजिनावरच्या गोल आवरणाच्या) मागे हवा बाहेर पडायला आत येणाऱ्या वाटेपेक्षा मोठी वाट ठेवा. खऱ्या लिबरेटरची चौदा सिलिंडरची ट्विन वास्प इंजिने दिसावीत म्हणून अनेकजण काउलिंगच्या तोंडात नकली इंजिनाची तबकडी बसवतात आणि तिनेच हवा अडते, तेव्हा सिलिंडरच्या मधल्या जागा पोखरून मोकळ्या करा.

बॅटऱ्या दोन घ्या, परंतु उजव्या पंखाला एक आणि डाव्या पंखाला एक अशी वाटणी चुकूनही करू नका. एकीवर आतल्या दोन मोटारी आणि दुसरीवर बाहेरच्या दोन, अशी जोडणी करा. मग उड्डाणात एक बॅटरी बंद पडली तरी ओढ दोन्ही बाजूंना सारखीच राहते आणि उरलेल्या दोन मोटारींवर विमान सरळ उतरवता येते. किलोला सुमारे ३०० वॅट धरले तर आपल्या विमानाला २,४०० वॅट, म्हणजे मोटारीमागे ६०० वॅट लागतील. ६एसवर ते मोटारीमागे साधारण २७ अँपिअर होतात. ५,००० एमएएचच्या दोन बॅटऱ्यांवर, थ्रॉटल निम्म्याच्या आसपास ठेवून, आठ-नऊ मिनिटांचे उड्डाण निश्चिंतपणे होईल.

चार कंट्रोलरांचे चार बीईसी (रिसीव्हरला वीज पुरवणारे भाग) एकाच रिसीव्हरला जोडायचे नाहीत. चारही प्लगांतली लाल वायर काढून तिच्या टोकाला इन्सुलेशन लावा आणि रिसीव्हर व सर्व्हो यांच्यासाठी स्वतंत्र बॅटरी ठेवा. चारही कंट्रोलरांचे थ्रॉटल कॅलिब्रेशन (थ्रॉटलच्या किमान-कमाल मर्यादांची जुळणी) एकाच वेळी करा, नाहीतर एक मोटार इतरांच्या आधी सुरू होईल आणि धावपट्टीवरच विमान वाकडे निघेल. उजव्या पंखातल्या प्रोपेलरांची दिशा डाव्यांच्या उलट ठेवलीत तर ही वाकडी ओढ आणखी कमी होते. खऱ्या विमानात तसे नव्हते, पण उडत्या प्रतिकृतीत ही सवलत घ्यावी.

शेवटी, विमान टेबलाला पट्ट्यांनी घट्ट बांधून चारही मोटारी तीन मिनिटे चालवा, मग बॅटऱ्या काढून प्रत्येक कनेक्टर बोटांनी चाचपून पाहा. सगळे कोमट असतात आणि एखादाच चटका देतो. तिथे सोल्डर कच्चे आहे.

द्राक्षबागेच्या काठावरून यांचे उत्तर:

वरचे सगळे पटले. कनेक्टरबद्दल माझा अनुभव जोडतो, कारण तो मला महागात पडला. तीन वर्षांपूर्वी माझ्या दोन मोटारींच्या विमानाच्या उजव्या नॅसेलमधला बुलेट कनेक्टर, मीच घाईत नीट न दाबल्यामुळे, कंपनाने सुटला. विमान उतरण्यासाठी वळत होते, वेग कमी होता आणि मी घाबरून थ्रॉटल पूर्ण उघडला. चालू मोटारीने ते उलथवले आणि ते शेजारच्या द्राक्षबागेत मांडवाच्या तारांवर पडले. बागेत मणी धरलेले होते. त्या शेतकरी दादांना मी नुकसान भरून दिले, तरी त्यांच्या तुटलेल्या वेली अजून डोळ्यांसमोर येतात. एका बाजूची मोटार बंद पडली तर आधी थ्रॉटल कमी करायचा, नाक खाली घ्यायचे आणि मग रडरने (शेपटीच्या उभ्या सुकाणूने) सरळ करायचे, हा क्रम मी आता प्रत्येक उड्डाणाआधी स्वतःशी मोठ्याने म्हणतो.

आता शेपटीचे वजन, ज्याबद्दल आपण काहीच लिहिले नाही आणि जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. लिबरेटरचे नाक आखूड आणि शेपूट लांब, त्यात दोन फिन, म्हणजे शेपटीचे उभे पंख. आपल्या प्रतिकृतीत बॅटरी गुरुत्वमध्याच्या ३५ सेंटिमीटर पुढे बसेल आणि फिन जवळजवळ एक मीटर मागे असतील. म्हणजे शेपटीत वाढलेल्या १०० ग्रॅमला तोलण्यासाठी बॅटरीच्या जागी जवळजवळ २८५ ग्रॅम वाढवावे लागतील. म्हणून एलिव्हेटरचे (नाक वर-खाली करणाऱ्या आडव्या झडपेचे) आणि रडरचे सर्व्हो शेपटीत न बसवता पंखाच्या मागच्या कडेजवळ धडात बसवा आणि कार्बनच्या सळयांनी जोडा. हे काम फिल्मच्या आधीचेच आहे. फिनना भोके पाडून हलके करा, मागच्या टरेटला (बंदुकीच्या घुमटाला) जाड प्लॅस्टिक वापरू नका आणि शेपटीवर रंगाचे थर मोजून द्या.

आपल्या पंखाची मुळाशी रुंदी ३५ आणि टोकाशी १३ सेंटिमीटरच्या आसपास असणार, म्हणजे सरासरी एरोडायनॅमिक कॉर्ड (पंखाची तोलासाठी धरायची सरासरी रुंदी) सुमारे २६ सेंटिमीटर येते. पहिल्या उड्डाणासाठी गुरुत्वमध्य तिच्या २५ टक्क्यांवर, म्हणजे त्या कॉर्डच्या पुढच्या कडेपासून साडेसहा सेंटिमीटर मागे ठेवा.

रिट्रॅक्टबाबत (मिटणाऱ्या चाकांच्या पायांबाबत) एवढेच, की या विमानाचे मुख्य पाय बाहेरच्या दिशेने पंखात मिटतात आणि उंच असतात. आपल्याकडच्या माळावर एखादा दगड चाकाला लागला की सगळा पीळ पायाच्या बुडाशी येतो. ते बूड नुसत्या रिबला (पंखाच्या बरगडीला) न चिकटवता ६ मिलिमीटर बर्च प्लायवर घेऊन स्पारला (पंखाच्या मुख्य तुळईला) बांधा. पहिली तीन-चार उड्डाणे पाय मिटूच नका.

निवृत्त फिटर, ओझर यांचे उत्तर:

मित्रहो, चर्चा वाचून समाधान वाटले. १९६४ साली स्थापन झालेल्या ज्या ओझरच्या कारखान्यात मिग आणि नंतर सुखोई बांधली गेली, तिथे आमच्या पिढीला पहिला धडा हाच मिळाला होता की पत्रा बंद करण्याआधी आतली प्रत्येक वायर आणि प्रत्येक नट दुसऱ्या माणसाने तपासून सही करायची. आपणही एखाद्या मित्राला बोलावून ते करून घ्या. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

एक गोष्ट हवेची. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे आणि ३५ अंश तापमानाला इथली हवा समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा १२-१३ टक्के विरळ असते. त्यामुळे विमान स्टॉल होण्याचा (पंखाची उचल अचानक तुटण्याचा) वेग सहा-सात टक्क्यांनी वाढतो. मूळ लिबरेटरचा अरुंद, लांब डेव्हिस पंख लांब पल्ल्यासाठी उत्तम होता, पण १३ सेंटिमीटरच्या टोकाला उतरण्याच्या वेगात रेनॉल्ड्स अंक (पंखाचा आकार, वेग आणि हवा यांवरून निघणारा प्रवाहाचा अंक) जेमतेम एक लाख भरतो आणि टोक मुळाच्या आधी स्टॉल होते. पंखाची टोके दोन अंश खाली पिळलेली आहेत का, हे उघड्या सांगाड्यातच मोजा. फिल्म ताणताना हा पीळ बदलतो, म्हणून फिल्म चढवल्यावर तो पुन्हा मोजा.

दुसरी गोष्ट जागेची. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २ किलोपेक्षा जास्त आणि २५ किलोपर्यंतचे विमान ‘स्मॉल’ वर्गात येते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर यलो झोन (परवानगी लागणारा भाग) असतो. आपल्याकडे ओझरचा विमानतळ आहे, नाशिकच्याच गांधीनगरात लष्कराचा हवाई तळ आहे, देवळालीत तोफखान्याचा परिसर आहे, तेव्हा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय कोणताही माळ मोकळा समजू नका. सिन्नरच्या पलीकडचा भाग त्या दृष्टीने आधी तपासा. आणि भाद्रपदातल्या दमट हवेत फिल्म चढवू नका. बाल्साने ओढलेला ओलावा थंडीत सुटला की ताणलेली फिल्म सैल पडते.

सिडकोतला सांगाडा यांचे उत्तर:

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दोन रविवारी सांगितल्याप्रमाणे काम केले. शेपटीचा पूर्ण भाग सुटा करून तोलला तो ४१० ग्रॅम भरला. फिनमधल्या रिबना भोके पाडून आणि दोन्ही सर्व्हो पुढे आणून तो ३०५ वर आला आहे. बॅटऱ्यांची वाटणी आतल्या जोडीला एक आणि बाहेरच्या जोडीला एक अशी केली आणि चारही नॅसेलमध्ये कपॅसिटर बसवले.

मोटारींच्या चाचणीत डावीकडची बाहेरची मोटार इतरांपेक्षा तीन अँपिअर कमी घेत होती. पंचवटीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे चाचपल्यावर तिचाच एक कनेक्टर तापलेला सापडला. श्रिंक ट्यूब कापून पाहिली तर आत सोल्डर वायरीच्या वरच्या पदराला चिकटले होते, मधल्या तारा कोरड्याच होत्या. हा सांधा उद्या पंखाच्या आत बंद झाला असता. चारही नॅसेलमधले सगळे सांधे मी आता नव्याने करत आहे.

पंखाचा पीळ उजवीकडे दोन अंश आहे आणि डावीकडे सव्वा अंशच भरला. तो भाग पुन्हा जिगवर (आकार धरून ठेवणाऱ्या साच्यावर) घेतला आहे. काका, तपासणीच्या सहीसाठी आपण एखाद्या रविवारी सिडकोत येऊ शकाल का? फिल्म दिवाळीनंतरच चढवीन.