मदत हवी आहे: खडकीच्या शिक्क्याची १९४३ ची थ्री-नॉट-थ्री काडतुसं साफ कशी करायची? रायफलीतून झाडायची का?

मुक्काम ओहायो. रायफल ली-एनफील्ड नंबर ४. कापडी पट्ट्यांत, पाच-पाचच्या क्लिपांत लावलेली ९६ काडतुसं मिळाली आहेत. बुडावर के, बाण, एफ, ४३ आणि रोमन सात, म्हणजे आपल्या पुण्याजवळच्या खडकी कारखान्याचीच. साधारण वीस काडतुसांवर हिरवा कळंक आहे, दोनांच्या गळ्याला बारीक रेघ दिसते. ब्रासोने घासू का? आणि झाडल्यावर नळी गंजू नये म्हणून नेमकं काय करायचं?

प्रतिसाद १

ब्रासो अजिबात नको. त्यातला अमोनिया ताण असलेल्या पितळेला आतून चिरतो. ब्रिटिश काळात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली काडतुसं गळ्याशी तडकायची, ती घोड्यांच्या मुतातल्या अमोनियामुळेच. तुमच्या दोन काडतुसांवरची रेघ तशीच असू शकते. ती दोन आत्ताच बाजूला काढा, झाडायची नाहीत.

बाकीची कोरड्या सुती फडक्याने पुसा. कळंक राहिला तर चार शून्य नंबरच्या स्टील वूलने अगदी हलक्या हाताने. डाग गेल्यावर पितळेवर नुसती काळसर छटा राहिली तर चालेल. नख अडकेल असा खड्डा दिसला तर ते काडतूस बाद. तेल लावू नका: ते प्रायमरच्या (बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीच्या) कडेने आत झिरपतं, शिवाय तेलकट पुंगळी (काडतुसाचं पितळी नळकांडं) चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला धरत नाही आणि सगळा दाब बोल्टवर, म्हणजे ती मागून बंद करणाऱ्या खिट्टीवर येतो. भरलेली काडतुसं टम्बलरमध्ये (पितळ घासणाऱ्या फिरत्या डब्यात) फिरवायचीही गरज नाही. लखलखीत पितळ म्हणजे चांगलं काडतूस नव्हे.

प्रायमरभोवतीचा रंगही बघा. जांभळा म्हणजे साधी गोळी. लाल (ट्रेसर, म्हणजे जाताना उजेडाची रेघ सोडणारी), निळा (आग लावणारी) किंवा हिरवा (चिलखतभेदी) असेल तर रेंजवर नेऊ नका.

प्रतिसाद २

खरी परीक्षा आतल्या दारूची. वेगवेगळ्या क्लिपांतून तीन-चार काडतुसं घ्या आणि डोळ्यांना चष्मा लावून कॉलेट पुलरने (गोळी पकडून ओढणाऱ्या साधनाने) गोळ्या उपसा. हातोडीवाला पुलर नको. गोळीखाली पुठ्ठ्याची चकती आणि तिच्याखाली कॉर्डाइट, म्हणजे काड्यांच्या रूपातली दारू, शेवयांच्या जुडीसारखी. जुडी आधी भरून गळा नंतर आवळलेला असतो, म्हणून ती एकदम निघत नाही. चिमट्याने एकेक काडी ओढा.

काड्या कोरड्या, तपकिरी आणि सारख्या रंगाच्या असतील तर ठीक. तेलकट घाम, आंबूस उग्र वास किंवा पुंगळीच्या आत हिरवट थर दिसला तर त्या शिक्क्याचा सगळा माल बाद. कॉर्डाइटमधलं व्हॅसलिन दारू सडताना निघणारी आम्लं शोषून घेतं. ते पुरं पडेनासं झालं की तीच आम्लं पितळ खातात. बाद माल कचऱ्यात टाकू नका, पुरूही नका. स्थानिक पोलिसांना किंवा शेरीफच्या ऑफिसला आधी फोन करून मगच द्या.

प्रतिसाद ३

झाडताना दोन धोके. चाप ओढल्यावर नुसतं 'टक्' झालं तर बोल्ट उघडू नका. नळी निशाण्याकडेच धरून पूर्ण एक मिनिट थांबा. जुना प्रायमर कधी कधी उशिरा पेटतो, आणि तेवढ्यात बोल्ट उघडलात तर पुंगळी तुमच्या तोंडासमोर फुटेल. दुसरा धोका फुसक्या आवाजाचा. आवाज दबका आला, धक्का कमी बसला, तर लगेच थांबा. बोल्ट काढा, नळीतून उजेड दिसतो का बघा. अडकलेल्या गोळीमागे दुसरी झाडली तर नळी फाटते. पहिली पाच एकेक करून भरा आणि प्रत्येक पुंगळीची कड नि गळा तपासा.

प्रतिसाद ४

गंजाबद्दल. या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळून उरतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठासारखंच मीठ. ते हवेतला ओलावा ओढतं आणि पोलाद खातं. तेलात किंवा नेहमीच्या सॉल्व्हंटमध्ये ते विरघळत नाही, पाण्यात झटकन विरघळतं. अमोनियावाला काचेचा क्लीनर काही जण सुचवतात, पण त्यातही काम करतं ते पाणीच.

त्याच दिवशी: बोल्ट काढा, नरसाळ्याला रबरी नळी जोडून ती चेंबरमध्ये बसवा, रायफल तोंड खाली करून साधारण लिटरभर उकळतं पाणी ओता. पाणी लाकडी दस्त्याखाली जाऊ देऊ नका. गरम नळी आपोआप वाळते. मग कोरड्या चिंध्या, शेवटी तेलाची चिंधी. बोल्टचं डोकं फिरवून सुटं करा. त्याचा दर्शनी भाग, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) आणि फायरिंग पिनचं टोकही गरम पाण्यात धुऊन वाळवा, तेल लावा. बहुतेक जण इथेच चुकतात. नंतर तीन दिवस रोज एक पांढरी चिंधी फिरवा. तांबूस आली तर पाण्यापासून पुन्हा.

धागाकर्ता

आभार. तीन उपसली: दोन कोरडी, एकाला आंबूस वास. म्हणजे सगळीच बाद?

प्रतिसाद २

हो, सगळीच. एकाच शिक्क्याचा, एकत्र साठवलेला माल आहे. झाडायला कारखान्यात बनलेली नवी, १७४ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) गोळीची काडतुसं घ्या. आणि भारतातून वाचणाऱ्यांनो, घरात आजोबांच्या ट्रंकेत असं काडतूस सापडलं तर साफ करत बसू नका. लायसन्सशिवाय बाळगणं गुन्हा आहे. आहे तिथेच ठेवा आणि पोलिसांना कळवा.