बिनटाक्याच्या ऑपरेशनमुळे बीजांडकोशाचे काम मंदावते का?

रानजाई:
धाकट्या मुलीनंतर २६ व्या वर्षी माझे दुर्बिणीतून बिनटाक्याचे ऑपरेशन झाले. आता मी ३५ वर्षांची आहे आणि गेले सात-आठ महिने पाळी कधी तेवीस दिवसांनी, तर कधी दीड महिन्याने येते. थोरल्या जाऊबाई म्हणतात की नळ्या बांधल्या की बीजांडकोश वाळतात आणि चाळिशीच्या आतच पाळी जाते. यात तथ्य आहे का?

निशिगंध (स्त्रीरोगतज्ज्ञ):
रानजाईताई, या समजुतीचे मूळ शरीररचनेत आहे. बीजांडकोशाला रक्त दोन वाटांनी मिळते. एक धमनी थेट महाधमनीतून उतरते, तर दुसरी शाखा गर्भाशयाच्या धमनीतून निघून गर्भनलिकेखालच्या पातळ पदरातून येते. नलिका बंद करताना हा पदर दुखावला, तर दुसरी वाट अरुंद होऊ शकते. पहिली मात्र शाबूत राहते. विजेने जाळण्याच्या पद्धतीत उष्णता आजूबाजूला पसरते, म्हणून तिथे अधिक जपावे लागते. तुम्हाला बहुधा रिंग बसवली असावी. त्यात नलिकेचा लहानसा वेढा ओढून त्यावर सिलिकॉनची कडी सरकवतात आणि तेवढाच वेढा डोळ्यांदेखत पांढराफटक पडतो.

अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नसबंदी झालेल्या ९,५१४ स्त्रियांची तुलना, ज्यांच्या पतींनी नसबंदी केली होती अशा ५७३ स्त्रियांशी केली गेली. ऑपरेशन झालेल्यांमध्ये रक्तस्राव आणि पाळीतले दुखणे उलट कमी झाल्याचे प्रमाण जास्त आढळले. पाळीची अनियमितता मात्र काहीशी अधिक दिसली, आणि तेही सांगायलाच हवे.

मोगरा:
ऑपरेशनपूर्वी मी चार वर्षे माला-डी या गर्भनिरोधक गोळ्या घेत होते. गोळ्या थांबल्यावर अंगावरून जास्त जाऊ लागले आणि मी सगळे खापर ऑपरेशनवर फोडले. वास्तविक गोळ्यांनी कमी झालेला स्राव मूळपदावर आला होता. पुढे पाळी बिघडली तेव्हा एका डॉक्टरांनी थेट पिशवी काढायला सांगितले. दुसरीकडे रक्त तपासले, तर थायरॉइड निघाले. ताई, तपासण्यांशिवाय पिशवी काढायला होकार देऊ नका, ही कळकळीची विनंती.

निशिगंध:
मोगरा यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. नऊ वर्षांनी सुरू झालेल्या तक्रारीचे कारण बहुधा वेगळेच असते. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी करून घ्या. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तातले एफएसएच (बीजांडकोशाला चालना देणारे संप्रेरक) तपासले, तर बीजांडकोशाचा अंदाज येईल. मात्र पाळी लांबली की सर्वांत आधी लघवीची गर्भचाचणी करा, कारण नसबंदी क्वचित फसते आणि तेव्हा गर्भ नलिकेतच रुजण्याचा धोका अधिक असतो. पोटात एका बाजूला कळ आली किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

रानजाई:
गर्भचाचणीचे मनातही आले नव्हते. उद्या सकाळीच करते.